कोंढ्याच्या मामीला वळसा

आमच्या घरी गाडी चालवणारी दोन माणसं होती. पुढं नेणारे बाबा आणि मागं आणणारी मी. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण त्या काळी शहापुरात कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि सायकलनं भंडाऱ्याला ये-जा करायचे. एकदा कचेरीतल्या जुन्या जिपांचा लिलाव झाला. बाबा सकाळी सायकलवर गेले ते संध्याकाळी जिपेत बसून आले. चालवत होता कचेरीतला ड्रायव्हर, बाबा त्याच्या बाजूला फोटो काढायला बसल्यासारखे ताठ, आणि मागं सायकल आडवी टाकलेली. आई ओट्यावर पोपटीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "कोनाची होय?" बाबा म्हणाले, "आपली." आईनं सुपातली एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि मग म्हणाली, "कायले?"

या प्रश्नाचं उत्तर बाबांना शेवटपर्यंत देता आलं नाही. पण वस्तीत पहिली गाडी आमच्या दारात आली होती, त्यामुळे उत्तर कोणी मागितलंही नाही. आईनं घरात बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली आणि जमलेल्या सगळ्यांना मुरमुरे-फुटाणे वाटले. पोरांनी हॉर्न वाजवायचा प्रयत्न केला तर तो वाजेना. मग ड्रायव्हरनं समजावून सांगितलं की या गाडीचा हॉर्न दाबून वाजत नाही, स्टिअरिंग डावीकडं पूर्ण फिरवलं की आपोआप वाजतो. आत कुठंतरी एक तार घासत होती. ती तार दुरुस्त करायची असं पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरी ठरत राहिलं. दरम्यान वस्तीला सवय झाली. हॉर्न वाजला की लोक म्हणत, "कारकून डावीकडं वळले."

त्याच ड्रायव्हरनं बाबांना गाडी शिकवली. तो शिस्तीचा माणूस होता. आधी सरळ रस्ता, मग गिअर, मग वळण, आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्स. रिव्हर्सचा धडा यायच्या आधीच त्याची बदली झाली. बाबांनी दुसऱ्या कोणाकडून शिकायला साफ नकार दिला. म्हणाले, "माणसानं पुढं जावं. मागं जायची गरजच काय?" हे भाषणात चांगलं वाटलं असतं. पण भाषण करणाऱ्याला परत घरीही यावं लागतं. मग आमचं सगळं नातंगोतं अंगणाच्या आकारावर ठरू लागलं. दिघोरीच्या काकांचं अंगण खळ्याएवढं ऐसपैस, गाडी गोल फिरवून थेट बाहेर काढता यायची, म्हणून आम्ही दिघोरीला इतक्यांदा जाऊ लागलो की काकूंनी एकदा दारातूनच विचारलं, "आज काय इसरलं होतं?" उलट कोंढ्याला माझ्या मामाचं घर बोळाच्या टोकाला, तिथं आत गेलेली गाडी फिरायला जागाच नाही. आईचं माहेर असूनही तिकडचं जाणं जवळजवळ बंद झालं. आई चिडून म्हणायची, "माह्या भावाचं घर बोळात हाय, हा त्याचा गुन्हा होय काजी?"

शेवटी मामेबहिणीच्या मुलाचं बारसं आलं आणि बाबांना त्या बोळात शिरावंच लागलं. बारसं झालं, जेवणं झाली, आणि निघताना सगळे पाहुणे जिपेच्या तोंडाला खांदा लावून ती मागं ढकलू लागले. बाबा बाहेर उभे राहून हाताच्या खुणा करत होते. स्टिअरिंगला हलकं माणूस हवं म्हणून मला बसवलं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. इंजिन चालूच होतं. गिअरच्या दांड्यावरचं पुसट झालेलं चित्र मी पाहिलं, क्लच दाबला, दांडा दाबून तिकडं ढकलला आणि क्लच सोडला. जीप सुसाट मागं निघाली. ढकलणारे सगळे एकदम पुढं पडले. मामांच्या पांढऱ्या सदऱ्याचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. पण जीप बोळाबाहेर एका रेषेत आली, भिंतीला खरचटलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. कुठंही गेलो की आत जाताना बाबा चालवायचे, निघताना ते उतरायचे, मी बसायचे, गाडी रस्त्यावर आणून द्यायचे आणि पुन्हा मागं जाऊन बसायचे. गाडी पुढं कशी जाते हे मात्र मला बरेच दिवस नीट ठाऊक नव्हतं. आज माझी नात गाडीतल्या छोट्या पडद्यावर बघून गाडी मागं घेते आणि मला म्हणते, आजी, तुला भीती नाही वाटायची? मी तिला सांगते, भीती मला पुढं जातानाच वाटायची.

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या, हवेत चुरण्याचा, म्हणजे मळणीचा, भुसा तरंगायला लागला, त्या दिवसांत अशोक आला. अशोक म्हणजे त्याच कोंढ्याच्या मामाचा थोरला मुलगा. नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होता आणि डोळ्यांवर मोठा काळा गॉगल लावून फिरायचा, घरातसुद्धा. जेवताना तो गॉगल कपाळावर जायचा आणि जेवण झालं की पुन्हा खाली. त्यानं बातमी आणली की नागपूरची काही हौशी पोरं भंडाऱ्याच्या बाहेर मोठ्या मैदानावर ऑटोक्रॉस घेणार आहेत. बाबांनी विचारलं, "ते काय असते?" अशोक म्हणाला, "मैदानात पिंपं मांडून ठेवतात, मामाजी. त्यांच्यामधून, त्यांना वळसे घालत गाडी काढायची. एकेकानं जायचं. घड्याळ लावून. पिंपाले धक्का लागला की दंड, रस्ता चुकला तर फेरी बाद." आई भात वाढत होती. ती म्हणाली, "एवढं मोठं मैदान असताना पिंपांतून कायले जायचं? बाजूनं जावं ना!"

अशोकनं मग माझ्याकडं वळून सांगितलं की महिलांचा वेगळा गट आहे आणि अजून एकही नाव आलेलं नाही. "शकू, तू नाव दे. तीन फेऱ्या भेटतात. त्यातली एक जरी बरोबर पुरी केली तरी पहिला नंबर तुझाच." आई म्हणाली, "अजिबात नाई." बाबा वरण कालवत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरगी पुढं चालवाले शिकली तर बरंच होईल. मले बी जरा बाजूले बसून रस्त्यावरचं पाहता येईल. इतक्या वर्षांत मी फक्त समोरचा ट्रक पाहिला." तेवढ्यावर ठरलं. आई त्यानंतर दोन घास गिळेपर्यंत गप्प होती. आईच्या दृष्टीनं तो मोठा निषेध होता.

सराव बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठच्या पडीत जागेवर सुरू झाला. पिंपं आमच्याकडं नव्हती. घरातल्या घागरी आणि रॉकेलचा डबा द्यायला आईनं नकार दिला. पण त्या वर्षी छपराच्या कवेलूंवर चढलेल्या वेलांना कोहळी इतकी आली होती की घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेखाली कोहळी, कणगीमागं कोहळी, बाबांच्या कोटाच्या खुंटीखालीही एक गुबगुबीत कोहळं बसलेलं. आई म्हणाली, "हे घेऊन जा. फुटलं तर निदान खाता तरी येईल." अशोकनं ती अंतरा-अंतरावर मांडली, माझ्या बाजूला बसला, गॉगल खाली ओढला आणि म्हणाला, "चल."

मी निघाले आणि पहिल्याच कोहळ्यावरून गेले. दुसऱ्यावरूनही. तिसरं चुकवायचं असं पक्कं ठरवून मी त्याच्यावर नजर रोखली, श्वास धरला आणि त्याच्या बरोबर मधोमध चाक घातलं. अशोक ओरडला, "अवं, तू त्याले चुकवून राहिली का शोधून राहिली?" मला रडू येत होतं. मी खरोखरच चुकवत होते! पण जितकं त्या कोहळ्याकडं बघावं तितकी जीप ओढल्यासारखी तिकडंच जायची. त्या संध्याकाळी घरी कोहळ्याची भाजी झाली. दुसऱ्या दिवशी कोहळ्याची भाजी आणि कोहळ्याचं बोंड, म्हणजे गोड भजी. तिसऱ्या दिवशी भाजी, बोंड, आणि वरणातही फोडी. बाबा ताटाकडं बघून म्हणायचे, "आज बरीच मेहनत केलेली दिसते." शेजारच्या घरांतही वाटग्या जाऊ लागल्या. आमच्याकडून झाकलेली वाटगी येताना दिसली की गयाबाई नावाची आमची शेजारीण दार ओढून घ्यायची.

अशोक बढाईखोर होता, पण त्याला येत होतं ते त्यानं मला मनापासून शिकवलं. हे मी त्याच्या माघारीही सांगते. तो म्हणाला, "कोहळ्याकडं पाहूच नको. जिथून जायचं हाय तिथं पाहा. आणि हे कोहळं संपायच्या आधीच पुढचं पाहून घे. डोळे जातात तिकडं हात जातात, हात जातात तिकडं गाडी." एवढी साधी गोष्ट अंगात मुरायला मला किती कोहळी लागली! दुसरी गोष्ट ब्रेकची. मी वळणावर घाबरून ब्रेक दाबायचे आणि जीप वळायचं सोडून घसरत सरळ जायची, एकदा तर थेट बोडीत गेली. पाणी गुडघाभरच होतं. अशोक गॉगलसकट उभा राहिला आणि अंगावरचं शेवाळ काढत अतिशय शांतपणे म्हणाला, "ब्रेक वळणाच्या आधी. सरळ असताना. वळणात नाही." पाण्यातून बाहेर पडायला मात्र कोणाची मदत लागली नाही, कारण मागं यायचं मला येतच होतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली. तो म्हणायचा, "हळू जा म्हणजे लवकर पोचशील." मला वाटायचं हा मला पोरगी म्हणून हळू चालवायला सांगतो आहे. म्हणून मी जोरात जायचे, रुंद वळसा पडायचा, गाडी भरकटायची, परत ओढून आणावी लागायची. एका सकाळी हात दुखत होते म्हणून मी कंटाळून हळू वळले तर जीप कोहळ्याला अगदी चिकटून, दोरी गुंडाळल्यासारखी वळली आणि पुढचा रस्ता समोर आपसूक उघडा झाला. मी तिथंच थांबले. अशोकनं नुसता गॉगल वर केला. त्या संध्याकाळी आमच्याकडं वांग्याची भाजी होती. आईनं ती बाबांना वाढली तेव्हा बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि आणखी एक पळी मागून घेतली.

शर्यतीच्या दिवशी निम्मी वस्ती एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आमच्या मागं निघाली. आईनं लाखोळीचे वडे आणि भाताचा डबा बांधला होता, अंत्ययात्रेला निघाल्यासारखा चेहरा करून. मैदानावर चुन्याच्या रेघा, लाल रंगवलेली पिंपं, एका टोकाला छोटा मांडव आणि मांडवात भोंगा हातात घेतलेला एक जाडा तरुण. नागपूरहून आलेल्या गाड्या चकचकीत होत्या, त्यांची पोरं चाकांत हवा भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती. बाबांनी रांगेत जीप लावताना डावीकडं वळवली तसा हॉर्न वाजला आणि सगळ्यांनी वळून बघितलं. बाबांना वाटलं लोक स्वागत करताहेत. त्यांनी हात हलवला.

मांडवाजवळ गेल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी दुसरं माणूस बसलंच पाहिजे. अशोक स्वतः मित्राची गाडी घेऊन शर्यतीत होता, आणि शर्यतीतल्याला दुसऱ्याच्या गाडीत बसता येत नव्हतं. म्हणून बाबा बसणार असं ठरलं. दुसरी गोष्ट म्हणजे टेबलावर मांडलेली बक्षिसं. पुरुषांना चषक होते. महिलांच्या पहिल्या बक्षिसाच्या जागी एक नवाकोरा प्रेशर कुकर ठेवला होता. उन्हात तो असा चमकत होता की त्याच्याकडं बघताना डोळे बारीक करावे लागत. आई त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं त्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं, शिट्टी हलवून पाहिली. मग भोंगेवाल्याला विचारलं, "दादा, बायांमध्ये कोन कोन हाय?"

"एकच नाव आहे, मावशी. शकुंतला."

"मंग देऊन टाका ना. कायले ताटकळत ठेवता?"

"एक तरी फेरी बरोबर पूर्ण करावी लागते."

आई परत आली. तिचा चेहरा बदलला होता. बाबा हेल्मेट हातात धरून त्यात कोणत्या बाजूनं शिरायचं ते बघत होते. आईनं ते त्यांच्या हातातून घेतलं. "तुमी राहू द्या. मीच बसीन." अंबाडा आड येत होता, म्हणून तिनं भर मैदानात केस सोडले, हेल्मेट चढवलं आणि वरून पदर घेतला. त्या दिवशी पहाटेपर्यंत जी बाई म्हणत होती की पोरीचे हातपाय मोडले तर मी कोणाला तोंड दाखवू, तीच आता जिपेत बसून म्हणाली, "चाल वं लवकर. ऊन चढून राहिलं."

शर्यतीआधी सगळ्यांना रस्ता पायी फिरून दाखवला होता. मी मान डोलावत फिरले होते आणि माझ्या डोक्यात काहीही राहिलं नव्हतं. पहिल्या फेरीला निशाण पडलं. पहिलं पिंप मी सुंदर घेतलं, दुसरंही. मग पुढं कुठं, हे शोधायला मान वर केली तर समोर आमची ट्रॉली दिसली. अख्खी वस्ती उभी राहून हात हलवत होती. डोळे जातात तिकडं हात जातात! मी चुन्याची रेघ ओलांडून थेट ट्रॉलीसमोर जाऊन थांबले. लोकांना वाटलं शर्यत संपली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्यातून आवाज आला, "ताई भेटायला गेल्या आहेत. फेरी बाद."

आई उतरली. पुरुषांच्या गाड्या धुरळा उडवत फेऱ्या मारत होत्या तेवढ्या वेळात तिनं मला मैदानाच्या कडेला उभं केलं. म्हणाली, "तुले पिंपं ध्यानात नाई राहत. मानसं राहतात ना? मंग आयक. ते पहिलं पिंप म्हणजे गयाबाई. तिच्या उजव्या अंगानं जायचं, डाव्या अंगाले तिची म्हैस राहते. त्याच्या म्होरचं जाडं पिंप म्हणजे कोंढ्याची मामी. मामीले डावीकडं वळत वळसा. लांबून घे, ती लवकर रागावते. मंग ते एकटं दूर उभं हाय ते दिघोरीचे काका. काकांना भेटल्याशिवाय जाता येत नाई, पुरा गोल फेरा घालायचा. मंग ते बारके डबे ओळीनं हायेत ना, ते आपल्या गुरुजींची पोरं. एकाच्या इकडून, एकाच्या तिकडून. आन् मंग घर." मी एकदाच ऐकलं आणि मैदान माझ्यासमोर स्वच्छ झालं, जसं गाव असतं तसं. अशोक जवळच उभा होता. तो म्हणाला, "आत्या, त्या जाड्या पिंपाले माह्या आईचं नाव काहून?" आई म्हणाली, "तूच पाह्य त्याच्याकडं एकदा." अशोकनं पाहिलं आणि गॉगल खाली ओढला.

दुसरी फेरी उत्तम चालली होती. गयाबाई झाली, मामी झाली. मामीला वळसा घालताना हॉर्न वाजला आणि लोक हसले, तरी मी नजर हलवली नाही. काकांना गोल फेरा घालत असताना आईच्या पायातली एक चप्पल निसटून बाहेर उडाली. जिपेला दारं नव्हतीच. आई ओरडली, "थांब!" आईनं थांब म्हटलं की थांबायचं, हे माझ्या हाडात होतं. मी ब्रेक मारला. आई खाली उतरली, पदर सावरत चालत गेली, चप्पल उचलली, झटकली, पायात घातली, वाटेत काकांना म्हणजे त्या पिंपाला किंचित वळसा घालून परत आली आणि म्हणाली, "हां, चाल." भोंग्यातला माणूस हसून हसून बोलू शकत नव्हता. शेवटी एवढंच ऐकू आलं, "मावशी... घड्याळ... चालू आहे मावशी." फेरी बाद.

आता एकच उरली होती. हसणं चहूकडून चाललं होतं आणि मला पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं. कुकर गेला तर आईला काय वाटेल हे होतंच, पण त्याहून जास्त हे होतं की मला गाडी चालवता येत होती. इतकी कोहळी फोडून आलेली ती गोष्ट माझ्या हातांत होती आणि ती कोणीच पाहिली नव्हती. रांगेत उभी असताना बाबा जवळ आले. मला वाटलं ते म्हणतील, राहू दे बाई, घरी जाऊ. ते बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "कचेरीतला ड्रायव्हर म्हणाचा, गाडीले समजते आपण भेलो का नाई. मले तर ते कधी पटलं नाई. तिले काय समजते, लोखंड होय ते. तू भीत भीत चालव, पण चालव." आजवर मला कोणी दिलेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. पुढं नोकरीत, बाळंतपणात, आणि परवा डोळ्याच्या ऑपरेशनला जातानाही तो मला कामी आला. आईनं दोन्ही चपला काढून सीटखाली सारल्या आणि डोळे मिटून त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. मग तिच्या लक्षात आलं की डोळे मिटले तर रस्ता कोण सांगणार. तिनं डोळे उघडले.

निशाण पडलं. "गयाबाई!" आई म्हणाली, आणि मी गयाबाईच्या उजवीकडून निघाले, पण माझे डोळे तेव्हाच मामीवर गेले होते. म्हणजे मामीवर नाही, मामीच्या बाजूच्या मोकळ्या मातीवर. सरळ असतानाच ब्रेक, मग हळू, मग वळण. हॉर्न लांबलचक वाजला, जीप मामीला चिकटून वळली, आणि मागच्या चाकानं मामीला जाता जाता किंचित ढुशी दिली. पिंप डुललं आणि आडवं झालं. "मामी पडली!" आई ओरडली, आणि त्या आवाजात दुःख नव्हतं. दंड बसला होता, पण फेरी बाद नव्हती. पुढं काका. काकांच्या भोवती फिरताना सगळं मैदान माझ्याभोवती फिरत होतं, ट्रॉली, मांडव, बाबा, पुन्हा ट्रॉली, पण मी कशाकडंच बघत नव्हते. चाकांखालची माती सरकत होती आणि ती किती सरकते आहे हे मला बसल्या जागी, पाठीला कळत होतं. कोणी शिकवलं नव्हतं ते. गुरुजींची पोरं आली. इकडून, तिकडून, इकडून, तिकडून, प्रत्येक तिकडूनला हॉर्नची एक हाक. मधेच मला जाणवलं की आई बोलत नाही. मला वाटलं तिला भोवळ आली. पण तिच्याकडं बघायचं तर नजर रस्त्यावरून काढावी लागेल, आणि मी ती काढली नाही. शेवटच्या पोराला वळसा घालून सरळ घरी, म्हणजे चुन्याच्या शेवटच्या रेघेपलीकडं, आणून गाडी उभी केली.

धुरळा खाली बसेपर्यंत काहीच दिसेना. मग आई दिसली. हेल्मेट तिरकं झालेलं, केस सगळे मातीनं पांढरे, दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरलेला. मी घाबरून हाक मारली, "आई?" तिनं माझ्याकडं पाहिलं. अशी नजर मी तिची आधी कधी पाहिली नव्हती, जत्रेतल्या पाळण्यातून उतरलेल्या पोरीची असते तशी. ती म्हणाली, "संपलं? एवढंच?"

कुकर मिळाला. सगळ्यांच्या वेळा जाहीर झाल्या तेव्हा कळलं की मामीचा दंड धरूनही मी नागपूरच्या दोघा पुरुषांच्या पुढं होते. त्या दोघांनी आपल्या गाड्यांची बॉनेटं उघडून बराच वेळ आत पाहिलं. अशोकचा नंबर मधे कुठंतरी आला, कितवा ते त्यानं आम्हाला कधीच सांगितलं नाही. ट्रॉलीतल्या लोकांनी लाखोळीचे वडे संपवले. परतताना मी पुढं चालवत होते आणि बाबा बाजूला बसून रस्त्यावरचं पाहत होते. प्रत्येक झाड, प्रत्येक दुकान दाखवून म्हणायचे, "हे इथं होतं का?" आई मागं कुकर मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटलं असेल कोणी पाहत नाही, पण मला आरशात दिसत होतं. कुकरचं झाकण दोन्ही हातांनी धरून ती ते हळूच डावीकडं फिरवत होती, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं, आणि मान किंचित वर करून लांब कुठंतरी बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरायला अंगणात आले तर आई जिपेत स्टिअरिंगमागं बसली होती. पदर खोचलेला, पाय अनवाणी. म्हणाली, "उभी काय राहिली? ये, बस. मले गिअर सांग." बाबा ओट्यावर चहाची बशी हातात घेऊन थबकले. त्यांनी विचारलं, "कायले?" आई म्हणाली, "तुमी कायले घेतली होती?" आणि क्लच सोडला. जीप गचका खाऊन बंद पडली. आई खाली उतरली नाही. तिनं पुन्हा चावी फिरवली.

मी तिला सगळं शिकवलं, जे मला येत होतं ते. कुठं बघायचं, ब्रेक कधी दाबायचा, हळू का जायचं. हळू जायचं तिला शिकवावं लागलं नाही. घाई करणं हेच तिला कधी जमलं नव्हतं. उन्हाळाभर पडीत जागेवर उरलेल्या कोहळ्यांमधून तिची जीप घोंघावत राहिली. त्या दिवसांत आमच्या घरी कोहळ्याची भाजी फारच कमी झाली. मी एकदा म्हटलं, "आई, तू एकही फोडत नाहीस." ती म्हणाली, "पेरली मी, पाणी घातलं मी. मी कायले फोडीन?"

पुढच्या हिवाळ्यात त्याच मैदानावर पुन्हा शर्यत झाली. महिलांच्या गटात या वेळी दोन नावं होती. मी दुसरी आले.